मोह सुटला माय: आजीच्या गाण्यात परमार्थ होता, की आपण घातला?

उमरेडरोड

नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदा काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

फाल्गुनात माझ्या मोठ्या आईची, म्हणजे मोठ्या काकूची, तेरवी झाली. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या पुढे. आता तिथे मोठे बाबाच राहतात, आम्ही बाकी सगळे नागपुरात मानेवाडा, नंदनवन असे पांगलेलो. तेरवीच्या कीर्तनाला बाहेरगावचे महाराज होते. त्यांनी सुरुवातीलाच मोठ्या बाबांना विचारलं, बाईंना काय आवडायचं? मोठे बाबा तसे बोलत नाहीत फार. म्हणाले, "मोहाचं गाणं." घरात कुजबुज झाली, मग माझ्या आत्याने ते म्हणून दाखवलं. गाणं मूळचं माझ्या आजीचं. जात्यावर म्हणायची, मोहाची फुलं वेचून आणल्यावर अंगणात पसरताना म्हणायची. मोठ्या आईने सासूकडूनच उचललं. मला आठवतं ते असं:

मोह सुटला माय, मोह सुटला
कोंबडा बांगन्याच्या आधी डोरा उघडला

झाड हालवू नोको, फांदी वाकवू नोको
पडलं तेवढं आपलं, वर पाहू नोको

अस्वलाचा वाटा ठेव, चितराचा वाटा ठेव
मुंगीच्या लेकरासाठी एक फूल मांगं ठेव

आंगावर पान नाई, उनात उभा रायते
धरतीमायले फूल रातभर वायते

एवढंच. चाल ओवीचीच, फक्त "मोह सुटला माय" दर कडव्यानंतर परत येतं.

महाराजांनी त्यावर पाऊण तास निरूपण केलं. मोह सुटला म्हणजे संसाराचा मोह सुटला. कोंबडा आरवण्याआधी डोळा उघडला, म्हणजे देह पडण्याआधी ज्ञानदृष्टी आली. वर पाहू नको, म्हणजे फळाची आशा धरू नको. अस्वल म्हणजे तमोगुण, त्यालाही त्याचा वाटा देऊन वाटेला लावायचं. "चितराचा वाटा" म्हणजे चित्रगुप्ताचा हिशेब. बिनपानाचं झाड म्हणजे विरक्त संत. मांडवातली माणसं रडली. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

पण परत येताना भंडारा रोडवर गाडी चालवताना काहीतरी खुपत राहिलं. मी आजीला पाहिलंय. पहाटे चारला डोक्याला फडकं गुंडाळून निघायची, परत यायची तेव्हा कंबर धरलेली असायची. तिने आयुष्यात "विरक्ती" हा शब्द उच्चारला नसेल. मग महाराज म्हणाले ते गाण्यात होतं का? की आपल्याला दुःखाच्या दिवशी काहीतरी हवं असतं आणि आपण ते शोधून काढतो?

जाणकारांनी सांगावं.

कीर्तनवेल

उमरेडरोड, आधी तुमच्या मोठ्या आईंना नमस्कार.

तुमच्या आजीने विरक्ती हा शब्द उच्चारला नसेल, हे मान्य. पण "पडलं तेवढं आपलं" हे वाक्य ज्या बाईच्या तोंडी सहज येतं, तिला तो शब्द कशाला लागतो? माळव्याच्या वाफ्यात उभं राहून सावता माळ्यांना कांद्या-मुळ्यात विठाई दिसली. ज्ञानेश्वरांनी अंगणातल्या कावळ्याला शकुन विचारला. आपल्याकडे परमार्थ रानातून, शेतातून, कामातूनच आलेला आहे. देवघरात तो नंतर गेला.

माझ्या मते महाराजांची दिशा बरोबर आहे. चित्रगुप्ताचं मात्र मलाही जरा ओढून आणल्यासारखं वाटलं.

धातुरूप

गंमत म्हणून नाही, खरंच एक अडचण मांडतो. महाराजांचा सगळा डोलारा "मोह" या एका शब्दावर उभा आहे, आणि ते दोन वेगळे शब्द आहेत. आसक्ती किंवा भूल या अर्थाचा मोह संस्कृत "मुह्" धातूपासून आलेला. झाडाचा मोह आला "मधूक"पासून. मध असलेलं झाड ते मधूक, प्राकृतात "महुअ", हिंदीत महुआ, आपल्याकडे मोह. झिजत झिजत दोघांचा उच्चार एक झाला, इतकंच. एका गावात एकाच नावाची दोन माणसं असली म्हणून त्यांचं नातं लागत नाही.

एकनाथांच्या भारुडाशी याची तुलना कुणी करेल म्हणून आधीच सांगतो. नाथांनी विंचू घेतला तेव्हा तो काम-क्रोधाचा विंचू आहे हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. तिथे रूपक कवीने रचलेलं आहे. ओवीत तसं रचलेलं दिसत नाही, ते ऐकणाऱ्याने चढवलेलं आहे. चढवू नये असं नाही. पण "गाण्याचा अर्थ" म्हणून सांगू नये.

बर्डीचा_पोट्टा

धातुरूप भाऊ, तुम्ही तेरवीच्या जेवणात मीठ तपासायला जाता काय बे 😄

बाकी मला एवढंच समजलं की मोहावर बोलून राहिले सगळे अन् कोणी प्यायलेलं दिसत नाही.

रिद्धपूरवाला

आमच्याकडे चक्रधरस्वामींचा जात्यंध आणि हत्तीचा दृष्टांत आहे. कुणी पाय चाचपला, तो म्हणाला हत्ती खांबासारखा. कुणी कान चाचपला, तो म्हणाला सुपासारखा. इथे एकाने शब्द चाचपला, एकाने अर्थ. अजून झाडाजवळ गेलेलं कुणी बोललेलं नाही. या धाग्यावर झाडीपट्टीतलं कुणी नाही का?

झाडीची_लेक

आहे ना. माझं माहेर अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, नागपुरात वीस वर्षं झाली. माझी माय अजूनही मोह वेचते, सांगून ऐकत नाही.

आधी चितर. दादा, आमच्या झाडीत ळ नाही. डोळा झाला डोरा, तुमच्या गाण्यातच आहे बघा. तसं चितळ झालं चितर. हरणातलं चितळ. ते रात्री मोहाखाली येतं, फुलं खातं. चित्रगुप्त बिचारा कुठून आला मध्येच! वाचून मी आणि माझी माय फोनवर इतक्या हसलो की तिला ठसका लागला.

आता "मोह सुटला". वारा सुटला म्हणतो ना आपण, तसं. मोह सुटला म्हणजे गळायला लागला, हंगाम सुरू झाला. होळीच्या आगेमागे एके सकाळी कुणीतरी बाई वाटेवर ओरडून सांगते, मग दुसऱ्या दिवशीपासून घरात कुणी झोपत नाही. मोह रात्री उमलतो आणि उजाडायच्या आधी गळतो. उशीर केला तर ढोरं खातात, नाहीतर दुसरी बाई वेचून नेते. ऊन चढलं की फूल मऊ पडून चिघळतं. म्हणून कोंबड्याच्या आधी डोळा. ज्ञानदृष्टी वगैरे ठीक आहे, पण आमच्याकडे त्याला धावपळ म्हणतात.

"वर पाहू नोको" हे तर मायने मला लहानपणी शंभरदा सांगितलंय. अंधारात पाचोळ्यात साप असतो, आणि अस्वल बहुतेक वेळा झाडाखालीच बसून खात असतं. वर फुलं बघत चाललं की पाय त्याच्यावरच पडायचा. आमच्या गावच्या एका काकूला अस्वलाने मोहाच्या झाडाखालीच फाडलं होतं, वाचली, पण एक डोळा गेला. त्यामुळे अस्वलाचा वाटा ठेवणं हा तमोगुणाचा विषय नाही. ते आलं तर टोपली टाकून मागच्या मागे सरकायचं, हा वाटा.

आणि एक. हे गाणं अर्धं आहे. आमच्याकडे आणखी एक कडवं आहे. मायला विचारून लिहिते.

उमरेडरोड

ताई, चितळ!! पंचेचाळीस वर्षं मी ते "चित्र" समजत होतो. मला वाटायचं आजी झाडाखाली पानाफुलांचं चित्र मांडते.

कडवं नक्की लिहा.

कीर्तनवेल

झाडीची लेक, तुम्ही सांगितलंत ते सगळं मान्य. चित्रगुप्ताबद्दल कान धरतो.

पण एक विचारू का? साप-अस्वलाच्या भीतीने "वर पाहू नको" म्हटलं, हे समजलं. "झाड हलवू नको" हे कोणत्या भीतीने? हलवलं असतं तर तासाभराचं काम पाच मिनिटांत झालं असतं. आणि मुंगीच्या लेकराला फूल ठेवायला कोणत्या अस्वलाने सांगितलं? मुंगी काही डोळा काढत नाही.

हिरवा_गणवेश

वनखात्यात पस्तीस वर्षं काढली, अर्धी गोंदिया-गडचिरोलीत. आता निवृत्त. कीर्तनवेल यांचा प्रश्न चांगला आहे, मला माहीत आहे तेवढं सांगतो.

मोहाचं जे फूल आपण वेचतो ते पूर्ण फूल नसतं. पाकळ्या एकमेकींना जुळून झालेला तो रसाळ, फिकट पिवळसर गोळा असतो. तो गळतो. खालची तपकिरी लवदार टोपी आणि तिच्यातलं फळाचं मूळ फांदीवरच राहतं. त्याचाच पुढे टोळ होतो. टोळ आषाढाच्या सुमाराला पिकतात, गर खातात, बी फोडून घाण्यावर तेल काढतात. ते तेल जेवणातही वापरतात, पूर्वी दिव्यातही तेच जळायचं.

आता तुम्ही फांदी वाकवून फूल ओरबाडलं तर काय होईल? देठासकट येईल. फूल आज मिळेल, टोळ जाईल. म्हणजे पावसाळ्यातलं तेल गेलं. जे आपणहून गळलं ते घेतलं तर झाड एकाच फुलातून दोनदा देतं. झाड हलवलं तर कच्च्या कळ्याही पडतात, त्यांना ना गोडी ना वजन.

म्हणजे "पडलं तेवढं आपलं" हा निव्वळ हिशेब आहे. पण असा हिशेब की जो झाडाच्या बाजूनेही बरोबर येतो. मी व्यवस्थापनाचे आराखडे लिहिलेत, दहा दहा वर्षांचे, जाडजूड. त्यांत एवढी नेमकी ओळ मला कधी जमली नाही.

वटवाघळं रात्री याच फुलांवर येतात, परागीकरण बरंचसं त्यांच्यामुळे होतं. गाण्यात त्यांचा वाटा नाही याचं मला नवल वाटलं. मग लक्षात आलं, ते वरच जेवून जातात. खाली पडलेल्याचा प्रश्न फक्त खालच्यांचा.

एक कडू गोष्टही सांगून ठेवतो, नाहीतर फारच गोड चित्र व्हायचं. पाचोळ्यात फूल दिसत नाही म्हणून वेचणारे झाडाखालचा पाला पेटवतात. उन्हाळ्यातले कितीतरी वणवे तिथून सुरू होतात. मुंगीच्या लेकराला फूल ठेवणाऱ्या गावातच मी मुंग्यांची अख्खी वारुळं जळालेली पाहिली आहेत. अलीकडे काही ठिकाणी झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या बांधतात, त्याने फूलही स्वच्छ मिळतं आणि आगही लागत नाही.

बर्डीचा_पोट्टा

काका, हे भारी. मी मघाशी मस्करी केली त्याबद्दल सॉरी.

पण एक सांगा, मोह वेचायला परवाना लागत होता ना? आमच्या मामाच्या गावात पोलीस पोतं धरायचे.

हिरवा_गणवेश

फुलं साठवणं, नेणं, विकणं यावर दारूबंदीच्या कायद्याखाली बरीच बंधनं होती. 2021 साली राज्य सरकारने ती उठवली. गरिबाच्या घरातलं दोन पायली मोह हा गुन्ह्याचा पुरावा ठरायचा आणि तेच फूल पुढे व्यापाऱ्याच्या गोदामात माल ठरायचं. यावर जास्त बोलत नाही, पेन्शन चालू आहे.

धातुरूप

मी माझं म्हणणं सोडत नाही, पण त्यात भर घालतो. कारण रात्री शोधताना मलाच एक गोष्ट सापडली आणि झोप उडाली.

हाल राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या, महाराष्ट्री प्राकृताच्या, संग्रहात मोहाला उद्देशून एक गाथा आहे. गोदाकाठच्या दाट कुंजातल्या मोहा, फुलांच्या भाराने तुझ्या फांद्या भुईला टेकल्यात, माझी एक विनंती ऐक: हळूहळू गळ. टीकाकार सांगतात की बोलणारी बाई मोह वेचायच्या निमित्ताने तिथे प्रियकराला भेटते. फुलं एकदम गळून संपली तर निमित्त संपेल. म्हणून हळूहळू.

शब्दही बघा, "महुअ" आणि "गळ". तुमच्या आजीने म्हटलं असतं तर "गर" म्हटलं असतं. तीच गोदावरी पुढे सिरोंच्याच्या बाजूने जाते.

म्हणजे या झाडाखाली बाया शतकानुशतकं गात आहेत आणि ऐकणारे पुरुष शतकानुशतकं त्यावर टीका लिहीत आहेत. (मीही त्यातलाच.) तिथे टीकाकारांना शृंगार दिसला, इथे महाराजांना वैराग्य दिसलं. वेचणारीला काय दिसलं ते कुणी विचारलेलं दिसत नाही.

रिद्धपूरवाला

धातुरूप, आज तुम्ही हत्तीच्या जरा जवळ आलात.

झाडीची_लेक

मायशी बोलले. कडवं असं:

तोच मोह टोपल्यात, तोच मोह मडक्यात
धनी माहा पडला वो, पहाटेच्या अंगनात
फूल येचू का धनी येचू, दिवस आला दारात

माय म्हणाली, हे पुरुष माणसासमोर म्हणत नाहीत. रानात बाया-बायाच असल्या की म्हणतात, आणि त्यावर हसतातसुद्धा. हसण्याचं कारण मला लहानपणी कळायचं नाही. आता कळतं. आमच्या गल्लीत प्रत्येक घरात एक "पडलेला" होता.

कीर्तनवेल काका, तुम्ही विचारलं होतं मुंगीचं. मी मायला तेही विचारलं. ती म्हणाली, "सारा झाडून आणला त उद्या काय तोंड घेऊन जावं त्याच्याखाली?" मी म्हटलं कुणाला तोंड दाखवायचं, झाडाला? ती म्हणाली, "अवो त्यालेच ना." आणि मग तिला गॅसवरची भाजी आठवली, फोन ठेवला.

आमच्या शेजारची गोंड घरं हंगामातला पहिला मोह देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. त्यांच्याकडे सणालाच पंडुम म्हणतात. आमच्या घरी तसं काही नव्हतं, पण माय पहिल्या दिवशीची ओंजळभर फुलं झाडाच्या बुंध्याशी परत ठेवायची. मी विचारलं तर सांगायची, उजरन. उरलेलं. देवाचं नाव मी तिच्या तोंडून त्यावेळी ऐकलं नाही.

गडचिरोलीत 1993 साली दारूबंदी झाली, ती बायांनी गावोगाव लावून धरली म्हणून. त्याच बाया पहाटे त्याच झाडाखाली जात होत्या आणि झाडाला त्यांनी कधी दोष दिला नाही. हे मी नर्सिंगला असताना तिकडे पाहिलंय. मोहाची भाकर, मोहाचे लाडू, टंचाईच्या दिवसांत नुसता उकडलेला मोह, यावर त्यांची लेकरं जगलेली. मडकं वाईट, झाड नाही.

कीर्तनवेल

ताई, हे कडवं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही.

चाळीस वर्षं भजनी मंडळात आहे. "मोह सोडा" असं आम्ही पेटीवर बसून सांगत आलो. सांगणारे सगळे पुरुष. या बाईने दोन मोह शेजारी ठेवले आणि एकालाही उपदेश केला नाही. नुसतं विचारलं, आधी काय उचलू? आणि दिवस दारात आला, म्हणजे वेळही नाही. महाराजांना हे कडवं मिळालं असतं तर त्यांनी काय निरूपण केलं असतं कोण जाणे. कदाचित "धनी म्हणजे जीवात्मा" म्हणाले असते. मीही म्हणालो असतो, परवापर्यंत.

धातुरूप, तुमचं दोन वेगळ्या शब्दांचं म्हणणं आता मला वेगळं दिसतं. शब्दकोशात ते वेगळे असतील. त्या अंगणात ते एकच होते.

धातुरूप

हो. हे मला खोडता येत नाही. "तोच मोह, तोच मोह" असं ती दोनदा म्हणते. श्लेष तिला कळत होता, आणि तिने तो अध्यात्मासाठी नाही, नवऱ्यासाठी वापरला. माझं भारुडाबद्दलचं विधान अर्धं मागे घेतो. रचलेलं रूपक नाही असं मी म्हणालो होतो. रचलेलं आहे. फक्त आम्हाला जे कडवं ऐकवलं जात नव्हतं त्यात आहे.

बर्डीचा_पोट्टा

माझा बाप पण तसाच होता. बाकी काही लिहीत नाही. छान धागा.

हिरवा_गणवेश

पोट्ट्या, सेमिनरी हिल्सला सकाळी फिरायला येतो मी. ये कधी. चहा पाजतो.

उमरेडरोड

आठवडाभर उत्तर दिलं नाही, माफ करा. कारण सांगतो.

झाडीची लेक यांनी कडवं लिहिलं त्या रात्री मी ते आईला वाचून दाखवलं. आईला वाचता येतं, पण फोनवरचं दिसत नाही. ती कूलरसमोर बसून वाटाणे सोलत होती. ऐकलं आणि म्हणाली, "हे कोठून आनलं तू?" मी सांगितलं. मग म्हणाली, "आपल्याही गान्यात होतं ते."

मला धक्काच बसला. आजीच्या तोंडून मी ते गाणं शेकडो वेळा ऐकलंय. तिच्या मांडीवर झोपून ऐकलंय. ती वारली तेव्हा मी कॉलेजात होतो, म्हणजे विसरण्याच्या वयाचा नव्हतो. चारच कडवी होती, पाचवं नव्हतंच.

आई म्हणाली, तू ऐकणार कुठून. तू चार वर्षांचा असताना आजोबा गेले.

आजोबांबद्दल घरात एवढंच सांगतात की त्यांना ढोरांची नाडी कळायची आणि त्यांचा आवाज मोठा होता. फोटोही एकच आहे, ओळखपत्रावरून मोठा केलेला. बाकीचं आईने त्या रात्री सांगितलं. ती लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात तिने ते पाहिलं होतं. सासू पहाटे टोपलं घेऊन निघायची तेव्हा सासरे अंगणात आडवे असायचे. ती त्यांना ओलांडून जायची नाही. वळसा घालून जायची, गोठ्याच्या बाजूने. आणि परत आल्यावर तिथेच, त्यांच्या उशाशी, मोह वाळत घालताना हे गाणं म्हणायची. पाचही कडवी. ताई, तुमच्याकडे पुरुषांसमोर म्हणत नाहीत, आमची म्हणायची. त्यांना ऐकू जाईल असं. आई म्हणाली, "मले लाज वाटे. वाटे का आता उठते अन् मारते हिले. पन तो डोरे मिटून पडून राहे. जागा असे, मले दिसे ना."

मी विचारलं, मग सोडलं कधी?

"बुवा गेला तवा. तेरवी झाली, अन् दुसऱ्या सालचा मोह सुटला. मी अन् मोठी बाई वाट पाहून राह्यलो का आता म्हनते, मंग म्हनते. चौथं झालं अन् उठून गेली. त्याच्यानंतर कधीच नाई म्हटलं."

मी म्हटलं, का? आई म्हणाली, मी काय विचारणार, सासू होती.

म्हणजे मोठ्या आईलाही पाचवं कडवं माहीत होतं. पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षं तिनेही म्हटलं नाही. आत्यालाही माहीत असणार. तिने तेरवीला चार म्हटली आणि थांबली, तेव्हा मला वाटलं होतं रडू आलं म्हणून थांबली.

तुम्ही सगळ्यांनी इतकं सांगितलंत. माझा मूळ प्रश्न काय होता ते वर जाऊन परत वाचलं, आणि जरा हसूच आलं. महाराजांना फोन करून चितळाचं तरी सांगावं असं मनात होतं. नाही केला.

आमच्या लेआउटच्या मागे एका रिकाम्या प्लॉटवर मोहाचं एक झाड आहे, आजवर मी त्याखाली गाडी लावत होतो. परवा पहाटे साडेचारला आईला घेऊन गेलो. गुडघे दुखतात तिचे, तरी आली. प्लॅस्टिकच्या पिशव्या, फुटलेल्या बाटल्या, त्यातच फुलं. अंगावर एकही पान नव्हतं झाडाच्या. कुत्री भुंकत होती. आईने अर्धी पिशवी वेचली असेल, मग म्हणाली, चाल, बस झालं. अजून बरीच पडलेली होती. मी म्हटलं, अजून आहेत ना. तर म्हणाली, "राहू दे, कोनी येईल."

फुलं गच्चीवर वाळत घातली आहेत. तीन दिवसांत निम्म्याहून कमी झाली आणि मनुकांसारखी लालसर दिसू लागली आहेत. झाडीची लेक, लाडू करताना मोह नुसता भाजायचा की आधी धुऊन परत वाळवायचा, तेवढं मायला विचारून सांगा. आई म्हणते भाजायचा, पण मधलं केसर काढायचं का ते तिला आठवत नाही. आणि हिरवा गणवेश काका, आषाढात टोळ आणायला गावी जाणार आहे. साकोलीच्या बाजूला लाकडी घाणा अजून कुठे चालू असेल तर कळवा.